बंधने कोणावर?
ज्यूलियस न्येरेरे यांनी १९६७च्या आरुशा जाहीरनाम्यात समाजवादाचा आरंभ पुढाऱ्यांपासून केला. नेत्याने कंपन्यांचे भाग बाळगू नयेत, घरे भाड्याने देऊ नयेत, दोन पगार घेऊ नयेत, असा दंडक घातला. १९८५ साली त्यांनी अध्यक्षपदही स्वेच्छेने सोडले. टांझानियाच्या या राष्ट्रपित्याचे हे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु ‘उजामा’ म्हणजे कुटुंबभाव, आणि तो हुकमाने उपजत नाही. १९७३नंतर लक्षावधी शेतकऱ्यांना सक्तीने नियोजित खेड्यांत हलविण्यात आले. एकपक्षीय राजवटीत त्याविरुद्ध दाद मागावी कोठे? पुढे १९९१ साली, त्यांच्या हयातीतच, त्यांच्या पक्षाने नेत्यांवरील दंडक सैल केला. समाजवाद्यांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे: बंधने नेत्यांवर असावीत, जनतेवर नव्हेत, आणि ती राखण्याचा अधिकार जनतेच्या हाती असावा.