लॅपटॉपऐवजी टॅब चालेल का? अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हिशोब

सध्या मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "दादा, लॅपटॉप महाग झालेत, टॅब आणि कीबोर्ड घेतला तर भागेल का?" विचारणारे बहुतेक कॉलेजचे, नाहीतर नुकतेच कामाला लागलेले. म्हणजे एकदाच 25-30 हजार घालता येणार, तेही हप्त्यावर. चुकलं तर पुढची दोन-तीन वर्षं तसंच काढायचं.

हा प्रश्न आत्ताच का आला, त्याची दोन कारणं आहेत. एक, 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट बंद केला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेट मिळवायची सोय आहे, पण ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. दोन, रॅम महागली. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक रॅम बनवतात आणि त्यांचा माल आता एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. पण एक लक्षात घ्या, टॅबमध्येही रॅमच असते. त्यामुळे "लॅपटॉप महागला म्हणून टॅब" हे गणित फार दिवस टिकणारं नाही. जीएसटीतही फरक नाही, दोन्हीवर 18 टक्केच.

आता सोलापूरचं बघू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या नात्यातल्या एकांचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथे हिशोबाला बसणारी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवसा काम, संध्याकाळी अभ्यास. तिला स्वतःचं मशीन घ्यायचं होतं. मी तिला म्हटलं, आधी दिवसभरात काय काय करतेस ते सांग, मॉडेल नंतर बघू.

निम्मी यादी टॅबवर मस्त होते. नव्या डिझाइनचे फोटो काढून व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवणं, ई-वे बिल काढणं, मेल, पीडीएफवर नोट्स, लेक्चर बघणं. वीज गेली तरी टॅब आरामात दिवस काढतो. जीएसटी रिटर्नचं म्हणाल तर मालकी किंवा भागीदारीतला कारखाना असेल तर मोबाईलवरच्या ओटीपीने काम होतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर मात्र डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते आणि त्याचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरच टाकावं लागतं. तिथे टॅब संपला.

खरी अडचण टॅलीची. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. ब्राउझरमधून रिपोर्ट बघता येतात, पण रोजच्या एंट्र्या मारायला विंडोजचं मशीनच हवं. यावर एक जुगाड सगळेच सुचवतात: ऑफिसचा कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि टॅबवरून रिमोटने वापरायचा. चालतं. पण मग दोन्हीकडे इंटरनेट हवं आणि कारखान्यात वीजही हवी. तिकडे वीज गेली की हातात भरलेल्या बॅटरीचा टॅब असूनही काम ठप्प. शिवाय हे तिच्या मालकाच्या कॉम्प्युटरच्या जिवावर. उद्या नोकरी बदलली तर?

कारखान्यातल्या डिझाइनवाल्याला तर टॅबचा विचारही करायला नको. चादरीचं, टॉवेलचं डिझाइन जॅकार्डसाठी तयार करायची सॉफ्टवेअर विंडोजवरच शिकवली जातात. इंजिनिअरिंगवाल्यांचंही तेच. सॉलिडवर्क्स टॅबवर नाही, अँड्रॉइड ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओसुद्धा अँड्रॉइड टॅबवर चालत नाही (गंमत आहे, पण खरं आहे). ब्राउझरमधून कोडिंग होतं, पण होस्टेलच्या वायफायवर रात्री अकराला करून बघा. सरकारी लिपिक पदाच्या तयारीत असाल तर जीसीसी-टीबीसीची टायपिंग परीक्षा कॉम्प्युटरवर असते. बोटांना सवय लागते ती पूर्ण आकाराच्या कीबोर्डची, टॅबच्या कव्हरला चिकटवलेल्या कीबोर्डची नाही.

टॅब सुधारलेत हे मान्य. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या आयपॅडओएस 26 मुळे आयपॅडवर खिडक्या लहान-मोठ्या करून शेजारी ठेवता येतात. गुगलही अँड्रॉइडमध्ये डेस्कटॉपसारखा मोड आणतंय. पण खिडक्या आल्या म्हणून विंडोजची सॉफ्टवेअर येत नाहीत. नेमकं हेच युट्यूबवरचे रिव्ह्यू सांगत नाहीत, कारण रिव्ह्यू करणाऱ्याला टॅली लागत नाही.

जेईई, नीट, एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. महाज्योती संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांना या परीक्षांसाठी टॅब आणि डेटा देते, आणि तिथे टॅबच बरोबर आहे. व्हिडिओ बघायचे, प्रश्न सोडवायचे, एवढंच काम. उलट तमिळनाडूत मार्च 2025 च्या बजेटमध्ये कॉलेजच्या मुलांना "लॅपटॉप किंवा टॅब" म्हटलं होतं, प्रत्यक्ष वाटप झालं ते लॅपटॉपचं. कॉलेज संपताना मुलांना बघायचं कमी आणि बनवायचं जास्त असतं.

त्या मुलीला मी जुना, म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉप सुचवला. नवा टॅब आणि चांगला कीबोर्ड मिळून जेवढे होतात, साधारण तेवढ्यात किंवा कमीतच बसतो. यात एक सापळा आहे. विंडोज 10 बंद झाल्यापासून बाजारात कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप भरपूर आलेत, दिसायला चकाचक. पण विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार "आय5 आहे" एवढंच सांगतो. तुम्ही पूर्ण नंबर बघा: आय5-8250 मधला पहिला आकडा 8, म्हणजे आठवी पिढी, चालेल. आय5-7200 असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी सोडा. रॅम 8 जीबी बसवलेलीच घ्या, नंतर वाढवू म्हणाल तर आजच्या भावात परवडणार नाही. आणि पैसे द्यायच्या आधी चार्जर काढून अर्धा तास दुकानातच चालवून बघा, बॅटरीचं खरं काय ते तिथेच कळतं.