‘इनकॉग्निटो’ नक्की कुणापासून लपवतं? झेरॉक्सच्या दुकानापासून घरच्या मोबाईलपर्यंतचा हिशेब

बेळगाव : दहावी-बारावीचे निकाल लागले की सीमाभागातल्या झेरॉक्स दुकानांपुढे रांगा लागतात. कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, रेल्वेचं तिकीट, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. खुर्चीत दुकानदार, शेजारी उभं गिऱ्हाईक. ‘ईमेल सांगा, पासवर्ड सांगा, ओटीपी आला का बघा,’ असं चाललेलं असतं. त्यातला एखादा जाणता दुकानदार काळ्या रंगाची वेगळी खिडकी उघडतो आणि म्हणतो, ‘काळजी करू नका, इनकॉग्निटोत उघडलंय. काही मागं राहत नाही.’

हे वाक्य अर्धं खरं आहे. पण खरा अर्धा भाग कोणता आणि खोटा कोणता, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्यामुळे जिथं ही सोय खरोखर कामाची आहे तिथं ती वापरली जात नाही, आणि जिथं तिचा काही उपयोग नाही तिथं लोक तिच्या भरवशावर निर्धास्त राहतात.

वही फाडली, पण कुणाची?

क्रोममध्ये ‘इनकॉग्निटो’, एजमध्ये ‘इनप्रायव्हेट’, फायरफॉक्स आणि सफारीत ‘प्रायव्हेट’. नावं वेगळी, काम जवळपास एकच. ही खिडकी उघडी असेपर्यंत ब्राउझर नेहमीसारखाच चालतो. ती बंद केली की कोणत्या साइट पाहिल्या त्याची यादी, त्या साइटनी ठेवलेल्या कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती तो त्या यंत्रावरून पुसून टाकतो. ही सोय नवी नाही. ॲपलच्या सफारीत ती २००५ मध्ये आली, तर गुगलचं क्रोम २००८ मध्ये ती घेऊनच बाजारात उतरलं.

दुकानदारीच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी असतात, एक आपल्या वहीत आणि एक समोरच्याच्या. इनकॉग्निटो संध्याकाळी आपल्या वहीतलं पान फाडतं. समोरच्याच्या वहीला ते हात लावत नाही. ज्या साइटवर गेलो ती साइट, ज्या कंपनीचं नेट वापरलं ती कंपनी, ऑफिसचं वायफाय असेल तर ऑफिस, यांच्या नोंदी जिथल्या तिथं राहतात.

म्हणजे ही खिडकी लपवते ती त्याच यंत्रावर आपल्यानंतर बसणाऱ्या माणसापासून. इंटरनेटपासून नाही.

सीमाभागात हा प्रश्न मोठा का?

ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे आणि त्याला दुसरं कुणी हात लावत नाही, त्याला या खिडकीचा फायदा थोडाच. खरा फायदा आहे तो दुसऱ्याच्या यंत्रावर काम करणाऱ्याला. आणि सीमाभागातल्या मराठी माणसावर ती वेळ वारंवार येते. कर्नाटक सरकारच्या सेवांचे अर्ज ‘सेवा सिंधू’ पोर्टलवर भरायचे, ते कन्नड आणि इंग्रजीत. घरात स्मार्टफोन असला तरी वयस्कर मंडळींना तो फॉर्म वाचता येत नाही. मग ‘ग्राम वन’ केंद्र गाठा नाहीतर झेरॉक्सचं दुकान. भाषा येत नाही म्हणून अर्ज दुसऱ्याच्या हातात, आणि अर्जाबरोबर ईमेल, आधार, ओटीपी हेही दुसऱ्याच्या यंत्रावर.

अशा ठिकाणी साध्या खिडकीत ईमेल उघडून तसंच उठून जाणं म्हणजे घराची किल्ली काउंटरवर विसरण्यासारखं आहे. ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं ब्राउझर विचारतो आणि घाईत कुणीतरी ‘हो’ दाबतं. पुढचं गिऱ्हाईक बसतं तेव्हा आधीच्याचा इनबॉक्स उघडाच असतो. हे टाळायला खासगी खिडकी उपयोगी पडते, यात शंका नाही.

पण इथंही एक मेख आहे. क्रोममध्ये एकाच वेळी उघडलेल्या सगळ्या इनकॉग्निटो खिडक्या एकच धरल्या जातात. दुकानदारानं सकाळी एक खिडकी उघडली आणि ती रात्रीपर्यंत बंदच केली नाही, तर सकाळच्या गिऱ्हाइकाचं लॉगिन दुपारच्या गिऱ्हाइकाला दिसू शकतं. पुसण्याचं काम शेवटची खिडकी बंद झाल्यावरच होतं. म्हणून ‘इनकॉग्निटोत उघडलंय’ एवढ्यावर समाधान मानू नये. काम झाल्यावर ‘आता त्या सगळ्या खिडक्या बंद करा’ असं स्पष्ट सांगावं आणि उभं राहून बघावं. त्याआधी लॉगआउट केलेलं केव्हाही चांगलं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डाउनलोड केलेली फाइल इनकॉग्निटो पुसत नाही. आधारची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट, मार्कांची यादी प्रिंटसाठी उतरवली की ती दुकानाच्या कॉम्प्युटरवर ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. ती वेगळी काढून टाकावी लागते आणि ‘रिसायकल बिन’ही रिकामा करावा लागतो. यंत्रात कीबोर्डवरची अक्षरं टिपणारा एखादा चोरटा प्रोग्राम असेल तर काळ्या खिडकीतला पासवर्डही त्याला दिसतो. म्हणून बँकेचं काम दुकानातल्या यंत्रावर करूच नये, खिडकी कोणतीही असो.

सायबर कॅफेबाबत आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या २०११ च्या नियमांनुसार कॅफेचालकानं गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहायचं आणि तिथून पाहिलेल्या साइटच्या नोंदी किमान वर्षभर जपायच्या. म्हणजे ‘काही मागं राहत नाही’ हे कायद्यालाच मान्य नाही.

एक जीमेल, चार यंत्रं

दुकानानंतर दुसरी जागा म्हणजे घर. अनेक घरांत जीमेल खातं मोबाईल घेताना दुकानातच काढलेलं असतं, आणि तेच खातं वडिलांच्या फोनवर, घरच्या टॅबवर, पुण्यात किंवा गोव्यात नोकरीला गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर, झालंच तर टीव्हीवरही चालू असतं. क्रोममध्ये ‘सिंक’ सुरू असेल तर एका यंत्रावर पाहिलेलं दुसऱ्या यंत्रावरच्या हिस्ट्रीत दिसतं. निपाणीत मुलीनं फोनवर एखाद्या आजाराबद्दल शोधलं, आणि ते पुण्यातल्या भावाच्या लॅपटॉपवर उमटलं, असं सहज होऊ शकतं.

इथं खासगी खिडकी उपयोगाची आहे. तिच्यात पाहिलेलं हिस्ट्रीत जात नाही आणि दुसऱ्या यंत्रावर सिंकही होत नाही. पण अट एकच, त्या खिडकीत त्याच जीमेलनं लॉगिन करायचं नाही. लॉगिन केलं की शोध त्या खात्याच्या नावावर गुगलकडे जमा होऊ शकतात, आणि ते खातं जिथं जिथं उघडं आहे तिथं ते पाहता येतात. शिकागो आणि हॅनोव्हर इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ४६० जणांना याबद्दल विचारलं होतं. खात्यात लॉगिन असलं तरी खासगी खिडकीतले शोध साठवले जात नाहीत, असं निम्म्याहून जास्त जणांना वाटत होतं. गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही.

यंत्र बदललं की रीत बदलते

विंडोज कॉम्प्युटरवर क्रोम किंवा एज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकदम दाबली की खासगी खिडकी उघडते. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. ॲपलच्या मॅकवर सफारीत कमांड, शिफ्ट आणि एन.

अँड्रॉइड फोनवर क्रोमच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ‘न्यू इनकॉग्निटो टॅब’ असतो. लोक चुकतात ते इथं. फोन बाजूला ठेवला किंवा दुसरं ॲप उघडलं म्हणजे टॅब बंद झाला असं नाही. तो मागं उघडाच राहतो आणि फोन हातात घेणाऱ्याला दिसतो. वर नोटिफिकेशनमध्ये सगळे इनकॉग्निटो टॅब बंद करण्याची सूचना येते, तिच्यावर बोट ठेवायचं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या भागात या टॅबना बोटाच्या ठशाचं कुलूप लावण्याचीही सोय आहे. आयफोनवर सफारीत अशी सोय २०२३ च्या आयओएस १७ पासून आली.

एक मोठा गैरसमज ॲपबाबत आहे. खासगी खिडकी ब्राउझरपुरती असते. इन्स्टाग्राम, फेसबुक, बँकेचं किंवा खरेदीचं ॲप तिच्या बाहेर आहे. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबली तर ती बहुतेक वेळा साध्या खिडकीतच उघडते. यूट्यूबच्या ॲपला स्वतःची वेगळी इनकॉग्निटोची सोय आहे. ब्राउझरमध्ये काय चालू आहे याच्याशी तिचा संबंध नाही.

दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर घरी आल्यावर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघावं. अनोळखी कॉम्प्युटर दिसला की तिथूनच लॉगआउट करता येतं. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागातही कोणत्या यंत्रांवर खातं उघडं आहे त्याची यादी मिळते. महिन्यातून एकदा ती बघणं हे कोणत्याही काळ्या खिडकीपेक्षा जास्त कामाचं आहे.

कंपनीच्या वहीचं काय?

समोरच्याच्या वहीचा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात गुगलविरुद्ध दावा दाखल झाला. इनकॉग्निटोत असतानाही गुगलची जाहिरात आणि मोजणीची साधनं वापरकर्त्यांची माहिती गोळा करतात, अशी तक्रार होती आणि मागणी किमान ५ अब्ज डॉलरची. गुगलनं आरोप नाकारले. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयानं दावा निकालात काढायला नकार दिला आणि डिसेंबरमध्ये तडजोड झाली. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या अटी समोर आल्या. अब्जावधी नोंदी नष्ट करायच्या, वापरकर्त्यांना स्पष्ट सांगायचं आणि इनकॉग्निटोत तिऱ्हाईत साइटच्या कुकीज पाच वर्षं आपोआप अडवायच्या. नुकसानभरपाई म्हणून दावेदारांना एक डॉलरही मिळाला नाही. ज्यांना पैसे हवेत त्यांनी स्वतंत्र दावे करावेत, एवढी मुभा राहिली.

या प्रकरणाचा सगळ्यांना दिसणारा परिणाम म्हणजे इनकॉग्निटोच्या पहिल्या पानावरचा बदललेला मजकूर. तुम्ही भेट देता त्या साइट आणि त्या वापरत असलेल्या सेवा, गुगल धरून, माहिती कशी गोळा करतात यात या खिडकीनं फरक पडत नाही, असं आता तिथंच लिहिलेलं असतं. ते पान दहा सेकंद थांबून वाचणारे किती, हा वेगळा प्रश्न.

भारतात मोबाईल आणि इंटरनेट कंपन्यांना वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. हल्ली बहुतेक साइट कुलूपबंद जोडणी वापरतात, त्यामुळे पानावरचा मजकूर कंपनीला दिसत नाही, पण कोणत्या साइटवर गेलात हे साधारणपणे कळतं. गुन्ह्याचा तपास असेल तर इनकॉग्निटोचा आडोसा टिकत नाही.

मराठीत विचारण्याचा हक्क

आपल्या वहीतलं पान आपण फाडू शकतो. समोरच्याच्या वहीवर लगाम घालायचा तर कायदाच लागतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्या प्रकरणातले अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायच्या आहेत. त्रुटींबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारी यंत्रणांना मात्र बऱ्याच सवलती आहेत, हे विसरून चालणार नाही.

या कायद्यातली एक तरतूद राज्याबाहेरच्या मराठी माणसासाठी महत्त्वाची आहे. माहिती घेण्यापूर्वी संमतीसाठी जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे, तशीच कोकणी आणि कन्नडही. तुम्ही कोणत्या राज्यात राहता याच्याशी हा पर्याय बांधलेला नाही. बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदे की हैदराबाद, पर्याय तोच. माहिती कशासाठी घेताय हे मराठीत सांगा, असं म्हणता येईल. मात्र मागणारे कमी असतील तर हा पर्याय कागदावरच राहील, हे सीमाभागाला भाषेच्या बाबतीत नव्यानं सांगायला नको.

तोवर हिशेब सरळ आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर बसलात तर खासगी खिडकी उघडायला सांगा, लॉगआउट करा, फाइल पुसा आणि सगळ्या खिडक्या बंद झाल्याशिवाय काउंटर सोडू नका. घरचा फोन चौघांत असेल तर आपलं वाचन आपल्यापुरतं ठेवायला ती जरूर वापरा. आणि कुणी म्हणालं की ‘इनकॉग्निटो आहे, काही राहत नाही’, तर एवढंच विचारा : कुणाच्या वहीत?