दप्तर आधी कोणाचं तपासायचं?



वर्गात कंपासपेटी हरवली की तुम्ही काय करता? काही वर्षांपूर्वी कळंब तालुक्यात माझ्या तिसरीच्या वर्गात अशीच एक पेटी हरवली. "मॅडम, त्यानंच नेली असन!" दोन-तीन पोरं एकदम बोलली. बोट होतं पारधी बेड्यावरून येणाऱ्या मुलाकडे. कोणी पाहिलं का, हे मी विचारलंच नाही. सगळ्यांसमोर त्याचं दप्तर उलटं केलं. पेटी निघाली नाही. बाकीची दप्तरं मात्र मी तपासली नाहीत. पुढचे आठ दिवस तो शाळेत आला नाही.

हा संशय आला कुठून? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो देशभर पसरला. त्यात गुन्हा एका माणसाचा न राहता अख्ख्या जमातीचा ठरला. पोलिसांकडे नोंद, हजेरी, फिरण्यावर बंधनं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण कागदावरचा शिक्का पुसला, मनातला राहिला.

या शिक्क्याची किंमत किती असते? २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा आणि खून झाले. भटक्या जमातींमधले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ ला सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच चालला नव्हता. सुटलेल्यांना प्रत्येकी ५ लाख भरपाई मिळाली. गेलेली वर्षं कोण देणार?

तुम्ही म्हणाल, मग चोरी शोधायचीच नाही का? शोधायची. पण आधी 'कोणी पाहिलं?' हे विचारायचं. दप्तरं पाहायचीच तर सगळ्यांची, पहिल्या बाकापासून. आता मी वस्तू मधल्या सुट्टीत गुपचूप टेबलावर ठेवायला सांगते. पालकांनीही "बेड्यावरच्या पोरांजवळ बसू नको" म्हणण्याआधी थांबावं. लेकरं घरातूनच बोट दाखवायला शिकतात.

तो मुलगा परत आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. पण व्हरांड्यात, एकट्यात. दप्तर मात्र मी अख्ख्या वर्गासमोर उलटं केलं होतं. ते अजून सलतं.