दोन हातोडे

नवऱ्याच्या खुनासाठी बायकोला अटक झाली आणि ‘तो मला मारायचा’ असे ती म्हणाली, की रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात तळ्याकाठच्या टपरीवर पहिला प्रश्न उठतो तो असा : ‘पहिली काबर नइ बताए?’ आधी का नाही सांगितले? भोसल्यांच्या काळापासून या शहरात राहणाऱ्या मराठी घरांतही हाच प्रश्न विचारला जातो, फक्त मराठीतून. पुण्या-नागपुरात वेगळे काही होत नाही. प्रश्न विचारणारी माणसे निर्दय नसतात. मेलेला माणूस उत्तर द्यायला येऊ शकत नाही, आणि त्याच्यावर काहीही आरोप केला तरी तो खोडून काढायला कोणी नाही, हे त्यांना कळते. गुन्हा उघड झाल्यावर सुचलेली कैफियत संशयाने पाहावी, हा साधा व्यवहार आहे आणि न्यायाचीही ती गरज आहे.

म्हणून आम्ही शंकेच्या विरोधात नाही. आमची तक्रार आहे ती शंका कोणावर किती घ्यायची याचे माप माणूस पाहून बदलते याबद्दल, आणि शंका बोलून दाखवली की तपास संपला असे मानले जाते त्याबद्दल.

पंढरपूरची घटना घ्या. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे एका नवऱ्याने बायकोच्या डोक्यात हातोडा घातला. ती चहा न करता घराबाहेर निघाली होती, एवढे निमित्त. तो तिच्या चारित्र्यावर संशय घेत असे आणि घरात त्यावरून भांडणे होत. घाव घातल्यावर त्याने तिला आंघोळ घातली, फरशीवरचे रक्त पुसले आणि मग दवाखान्यात नेले. सुमारे तासभर गेला. काही दिवसांनी ती गेली. सत्र न्यायालयाने त्याला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. तेवढीही जास्त वाटून तो मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि बायकोने चहा करायला नकार देणे ही ‘गंभीर आणि आकस्मिक चिथावणी’ होती, असा युक्तिवाद त्याच्या वतीने झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी तो फेटाळला. बायको ही नवऱ्याच्या मालकीची वस्तू नव्हे, हे त्यांना निकालपत्रात लिहावे लागले.

दुसरा हातोडा इंग्लंडमधला. ऑगस्ट २०१० मध्ये सरे परगण्यात सॅली चॅलेन या बाईने जेवायला बसलेल्या नवऱ्याच्या डोक्यात पाठीमागून वीसहून अधिक घाव घातले. हातोडा तिने पिशवीतून नेला होता. २०११ मध्ये तिला खुनासाठी जन्मठेप झाली. तीन दशकांहून अधिक काळ त्या माणसाने तिच्यावर कशी पकड ठेवली होती, पैसा, मैत्रिणी, येणे-जाणे यांवर कसा पहारा होता, हे त्या खटल्यात नीट मांडलेच गेले नाही. २०१५ मध्ये तिथल्या कायद्याने अशा नियंत्रणाला स्वतंत्र गुन्हा ठरवले, तेव्हा तिच्या कहाणीकडे पाहण्याची नजर बदलली. फेब्रुवारी २०१९ मध्ये अपील न्यायालयाने नव्या मानसोपचार पुराव्याच्या आधारे खुनाची दोषसिद्धी रद्द केली आणि जूनमध्ये सरकारपक्षाने सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य केली. तिने भोगलेली सुमारे नऊ वर्षे शिक्षा म्हणून पुरेशी धरली गेली.

देश वेगळे, कायदे वेगळे, घावांची संख्याही वेगळी, त्यामुळे ही तुलना ताणू नये. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. चहावरून घातलेला हातोडा पहिल्याच न्यायालयात खुनाच्या पायरीवरून खाली आला. दशकांच्या जाचानंतर घातलेल्या हातोड्याला ती पायरी उतरायला आठ वर्षे, नवे तज्ज्ञ आणि एक नवा कायदा लागला.

याचे कारण न्यायाधीशांच्या मनात शोधण्याआधी कायद्याच्या घडणीत शोधावे लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ प्रमाणे खुनाला फाशी किंवा जन्मठेप, मध्ये काही नाही. आरोपी बाईच्या छळाची कहाणी न्यायाधीशाला शंभर टक्के पटली तरी शिक्षेत त्याला एक वर्षही कमी करता येत नाही. ती कहाणी कलम १०१ च्या एखाद्या अपवादात बसली, तरच गुन्हा सदोष मनुष्यवधाच्या कलम १०५ मध्ये उतरतो आणि न्यायाधीशाला माप वापरता येते. हे अपवाद मॅकॉलेच्या काळापासून जवळजवळ शब्दशः चालत आले आहेत. चिथावणी ‘आकस्मिक’ हवी. भांडण ‘आकस्मिक’ हवे. स्वसंरक्षणासाठी हल्ला समोर उभा हवा. राग आला, हात उठला, घाव बसला हा क्रम ज्याच्या अंगात बळ आहे त्याला जमतो. जिला तीच मारामारी हरण्याचा पंधरा वर्षांचा अनुभव आहे, ती नवरा जागा असताना हात उचलत नाही. तो झोपेपर्यंत ती थांबते, आणि ते थांबणेच तिच्याविरुद्ध पूर्वनियोजनाचा पुरावा होते.

नानावटी खटला मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. एप्रिल १९५९ मध्ये पत्नीच्या प्रियकरावर झालेल्या त्या गोळीबारानंतर मुंबई गोळी झाडणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या बाजूने उभी राहिली, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने ते उलटवले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली, कारण पत्नीची कबुली आणि गोळी यांमध्ये राग शांत व्हायला पुरेसे तास गेले होते. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली, तिचा विचार करता येतो. त्या वाक्यातून पुढे वाट निघाली. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुयंबुक्कनी खटल्यात दीर्घकाळ साचत गेलेली चिथावणी मान्य केली. ती बाई मुलांसह विहिरीत उडी घेऊन स्वतः वाचली होती, मुले गेली होती. विदर्भ-मराठवाड्यात अशा किती विहिरी आहेत हे सांगायला नको. २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने मारकुट्या नवऱ्याचा जीव घेणाऱ्या बाईचा गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आणला आणि सततच्या मारहाणीचा मनावर होणारा परिणाम निकालात चर्चेला घेतला. वाट आहे, पण ती पायवाटच राहिली. तिच्यावरून कोण जाणार हे खालच्या न्यायालयातल्या वकिलावर अवलंबून असते.

आणि त्या वकिलाची अडचण बाहेर फारशी कोणाला दिसत नाही. घरात दोघेच होते, पुरावा परिस्थितिजन्य आहे, अशा खटल्यात सोपा बचाव असतो ‘मी केलेच नाही’. ‘केले, पण का केले ते ऐका’ असे म्हणायचे तर आधी कृत्य कबूल करावे लागते. शिवाय छळाचा पुरावा हे दुधारी हत्यार आहे. नवरा मारत होता असे सिद्ध झाले की सरकारी वकील म्हणतो, ‘बघा, हेतू सापडला.’ म्हणून तुरुंगातली गरीब बाई, मोफत कायदेशीर मदतीतून मिळालेल्या वकिलाच्या सल्ल्याने, खटल्यात गप्प राहते आणि अपिलात बोलते. तेव्हा न्यायालय म्हणते, ‘हे उशिरा सुचलेले आहे.’ त्यातून अपवाद लागू होतो हे दाखवण्याचे ओझे साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर. हे ओझे संशयापलीकडच्या सिद्धतेचे नाही, ‘असे असणे अधिक संभवते’ एवढेच आहे, पण ते उचलायला साक्षीदार हवेत. घरातले साक्षीदार म्हणजे मृताचे आईवडील आणि भाऊ. ते आपल्या मेलेल्या मुलाविरुद्ध काय बोलणार?

मारणारी बाई जिवंत असते आणि तिच्यावर विश्वास बसत नाही, हे एक वेळ समजू. पण मेलेल्या बाईचे काय झाले ते छत्तीसगढने पाहिले आहे. जगदलपूरमधल्या एका विवाहितेने डिसेंबर २०१७ मध्ये मरण्यापूर्वी कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे जबाब दिला, की नवऱ्याने जबरदस्तीने केलेल्या संबंधांमुळे आपली ही अवस्था झाली. त्याच दिवशी ती गेली. शवचिकित्सेत अंतर्गत जखमा आणि त्यातून झालेला जंतुसंसर्ग दिसला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला दहा वर्षे दिली. १० फेब्रुवारी २०२५ रोजी बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केले. पत्नीबाबत बलात्काराचा आणि अनैसर्गिक संबंधांचा गुन्हा लागत नाही, असे म्हटले, आणि सदोष मनुष्यवधाबाबत खालच्या न्यायालयाने निष्कर्षच नोंदवला नव्हता, असेही. कायद्यातल्या विवाहाच्या अपवादावर संसदेने काय करावे हा स्वतंत्र विषय आहे. आम्हाला इथे एवढेच दिसते, की ‘आधी का नाही सांगितले’ हा प्रश्न तिला लागू नव्हता. तिने सांगितले होते, सरकारी अधिकाऱ्यासमोर, मरणाच्या दिवशी.

गेल्या दोन वर्षांत हवा आणखी बदलली आहे. बायकोवर छळाचा आरोप करत बेंगळुरूतल्या एका अभियंत्याने केलेली आत्महत्या, त्याच सुमारास डिसेंबर २०२४ मध्ये विवाहितेच्या छळाच्या कलमाच्या गैरवापराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेला इशारा, मार्च २०२५ मध्ये मेरठचा निळा ड्रम, ज्यात बायको आणि तिच्या प्रियकराने नवऱ्याचा मृतदेह भरल्याचा आरोप आहे. या घटनांनी पुरुषांच्या मनात भीती निर्माण केली आणि ती भीती खोटी म्हणून झिडकारणे चूक ठरेल. प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला संपवून मग ‘तो छळायचा’ म्हणणारी बाई असू शकते. बायकोकडून मार खाणारा, अपमानाने पिचलेला नवराही असतो, आणि त्याच्या हातून काही घडले तर त्याचीही कहाणी तितक्याच काळजीने तपासली पाहिजे. पण मेरठच्या ड्रमचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून दुसऱ्याच एखाद्या गावातल्या दुसऱ्याच बाईचा जबाब वाचला जात असेल, तर त्या वाचनाला शंका म्हणता येणार नाही. तो पूर्वग्रह आहे.

खरे आणि खोटे वेगळे करता येते, फक्त ते पहिल्या आठवड्यात करावे लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटक झालेल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते, बाईची महिला डॉक्टरकडून किंवा तिच्या देखरेखीखालीच, आणि जखमांची नोंद करणे बंधनकारक आहे. पतीपत्नीतल्या खुनात ही तपासणी ताज्या ओरखड्यांवर थांबू नये. जुने व्रण, जुळलेली हाडे, भाजल्याच्या खुणा टिपाव्यात, गरज वाटल्यास क्ष-किरण काढावेत. दहा वर्षांपूर्वी मोडलेले मनगट अटकेनंतर रचता येत नाही. पोलीस ठाण्यातली एन.सी.ची (अदखलपात्र तक्रारींची) वही, ११२ वर आलेले फोन, सरकारी दवाखान्यातले जुने केसपेपर, संरक्षण अधिकाऱ्याकडचा घरगुती घटना अहवाल हे सगळे तपास अधिकाऱ्याने स्वतः मागवावे, आरोपीच्या वकिलाची वाट पाहू नये. त्यात काही सापडले नाही तर तेही आरोपपत्रात लिहावे. खोटी कैफियत तिथेच उघडी पडेल आणि खरीला आधार मिळेल. हे नियम आरोपी नवरा असो की बायको, दोघांना सारखेच हवेत. पंढरपूरच्या आरोपीलाही ‘तिने चिथावले’ म्हणण्याआधी याच चाळणीतून जावे लागावे.

कागद नसणे हे मात्र खोटेपणाचे लक्षण मानू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी नवऱ्याची हिंसा सोसलेल्यांचे प्रमाण देशात २९ टक्क्यांच्या आसपास, महाराष्ट्रात २५, छत्तीसगढमध्ये २० असे आले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया देशभरात फक्त १४ टक्के. उरलेल्यांपैकी बहुतेक गप्प राहिल्या. ठाण्यावर गेलेल्यांनाही बऱ्याचदा एन.सी. घेऊन, नवऱ्याला दम देऊन, घरी पाठवले जाते, आणि त्या रात्री घरात काय होते ते शेजाऱ्यांना ऐकू येते.

पुण्यात काशीबाई नावाच्या विधवेने बदनामीच्या भीतीने आपल्या अर्भकाला मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शिक्षेवर वाद घालत वेळ दवडला नाही. १८६३ मध्ये त्यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, म्हणजे पुढच्या काशीबाईला जायला जागा झाली. रायपूरला तशी संधी मिळाली होती. देशातले पहिले ‘सखी’ केंद्र जुलै २०१५ मध्ये याच शहरात सुरू झाले. पोलीस, डॉक्टर, वकील आणि रात्रीचा आसरा एका छताखाली, अशी कल्पना. तिथे नोंद झालेली प्रत्येक तक्रार पुढे कधी खटला उभा राहिलाच तर न्यायालयात हजर झाली पाहिजे, अशी व्यवस्था राज्य सरकारने लावावी. आणि बूढ़ापाऱ्यातल्या सप्रे शाळेपासून मोहल्ल्यातल्या अंगणवाडीपर्यंत त्या केंद्राचा पत्ता आणि १८१ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहिलेला असावा. तळ्याच्या काठची धरणे देण्याची जागा शहराबाहेर तूताला गेली. ज्यांचे कुठेच ऐकले जात नाही त्यांना निदान हा क्रमांक तरी घराजवळ दिसला पाहिजे.

तपास अधिकाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सॅली चॅलेनची दोन्ही मुले वडिलांना गमावूनही आईच्या बाजूने उभी राहिली, कारण त्या घरात काय चालत होते ते त्यांनी पाहिले होते. पंढरपूरच्या खटल्यात वडिलांना रक्त पुसताना पाहणारी होती सहा वर्षांची मुलगी, आणि दोन्ही न्यायालयांनी तिच्यावर विश्वास ठेवला. अशा प्रत्येक घरात एखादे मूल असते. त्याला पहिल्या दिवशी, ठाण्याबाहेर, गणवेश नसलेल्या एखाद्या शांत बाईने विचारावे : त्या रात्रीचे नव्हे, त्याआधीच्या रात्रींचे.