शब्दांना वाद्यांचे ओझे होते काय?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीतील मुलांनी जुनी पदे गिटार, ड्रम आणि सिंथेसायझर ह्यांच्या साथीवर म्हणण्याचा घाट घातला, तेव्हा त्यास विरोध करणाऱ्या मंडळींत मी सर्वांत पुढे होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आमच्या घरी पणजोबांच्या हातची पदांची एक वही आहे. बडोद्यास आमचे घराणे स्थिरावल्यापासून चार पिढ्या त्या वहीतली पदे एक पेटी आणि चार टाळ एवढ्यावर म्हणत आल्या. मुलांनी वही मागितली. मी दिली नाही. ज्या गाण्याचा प्राण शब्दांत आहे त्याच्यावर वाद्यांचा गलबला घालणे म्हणजे देवापुढची समई विझवून झुंबर लावणे, असे मी त्यांना तावातावाने सुनावले. झुंबराची उपमा तेव्हा मला फार आवडली होती.

माझी भाची शिक्षणानिमित्त काही वर्षे मिलान शहरी होती. ती म्हणाली, “मामा, वही देऊ नका हवी तर, पण हे एकदा ऐका.” तिने लावलेली मुद्रिका होती फाब्रित्सिओ दे आंद्रे ह्या इटालियन कवि-गायकाची, प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी नामक रॉक वाद्यवृंदाच्या साथीने प्रत्यक्ष श्रोत्यांपुढे झालेल्या कार्यक्रमांची. हे भलेमोठे नाव मूळचे एका पावाच्या भट्टीचे! नुसते नाव ऐकूनच माझी भुवई वर गेली.

दे आंद्रे ह्यांचा जन्म १९४० सालचा, जेनोआ बंदरातला. घर सधन, पण गाणी मात्र गणिका, चोर, पळालेले शिपाई आणि फासावर जाणारे ह्यांची. आवाज खर्जाचा, संथ. बहुतेक गाणी गिटारीवर कथा सांगावी तशी सांगितलेली, आणि इटलीतली सुशिक्षित घरे ती कवितेसारखी पाठ करीत. १९६१ पासून त्यांच्या मुद्रिका निघत होत्या. पण सभेत गाण्याचे त्यांना इतके भय, की श्रोत्यांपुढे रीतसर दौरा करावयास १९७५ साल उजाडावे लागले. अशा माणसापुढे १९७८ साली ह्या वाद्यवृंदाने प्रस्ताव ठेवला, की तुमची जुनी गाणी आम्ही नव्याने बांधतो, आपण मिळून दौरा काढू. परावृत्त करणारे मित्र पुष्कळ निघाले. आमच्या गल्लीत मी जे बोललो तेच, थोड्या निराळ्या शब्दांत, तिकडे बोलले गेले असणार! शिवाय तो काळ इटलीत सभागृहांना बरा नव्हता. गाण्यातले राजकारण पुरेसे कडवे नाही म्हणून तरुण श्रोतेच गायकाला जाब विचारीत. १९७६ साली मिलानमध्ये फ्रान्चेस्को दे ग्रेगोरी ह्या गायकाची तर रंगमंचावरच उलटतपासणी झाली होती. तरीही दे आंद्रे ह्यांनी होकार दिला. जानेवारी १९७९ मध्ये फ्लॉरेन्स आणि बोलोन्या येथे ध्वनिमुद्रण झाले. त्याचा पहिला भाग त्याच वर्षी व दुसरा १९८० मध्ये निघाला.

मी ऐकावयास बसलो तो दोष काढण्यासाठीच. भाषा येत नाही, म्हणून भाचीने प्रत्येक गाण्याचा आशय आधी सांगितला. पहिलेच गाणे ‘बोक्का दि रोझा’. एका गावी एक बाई येते. तिचे प्रेम करणे धंद्यापोटी नाही, कंटाळ्यापोटी नाही, केवळ हौसेपोटी. गावातल्या गृहिणी फिर्याद करतात, शिपाई तिला गाडीत बसवून देतात, आणि पुढच्या स्थानकावर तिच्या स्वागताला ही गर्दी! हे सगळे मला वाद्यांच्या गर्दीत हरवलेले सापडेल अशी खात्री होती. तसे झाले नाही. गायक बोलत असतो तेव्हा वाद्ये अंग चोरून मागे उभी राहतात, आणि त्याने श्वास घेतला की पुढे येऊन त्याचे वाक्य पुरे करतात. कीर्तनात बुवा आख्यान सांगताना मृदंग जसा थांबून असतो आणि नेमक्या जागी थाप देतो, अगदी तसे. ह्यांना रॉकवाले म्हणून हिणवायचे, तर मग आमच्या मृदंग्याला काय म्हणायचे?

‘इल पेस्कातोरे’ म्हणजे कोळी, हे गाणे १९७० सालचे. उतरत्या उन्हात किनाऱ्यावर एक म्हातारा झोपलेला आहे. एक खुनी धापा टाकीत येतो आणि भाकरी व द्राक्षासव मागतो. म्हातारा काही न विचारता देतो. मागाहून घोडेस्वार शिपाई येऊन विचारतात, खुनी इकडून गेला काय? म्हातारा उत्तर देत नाही. एवढीच गोष्ट. ती ह्या मुद्रिकेत अशा ठेक्यावर बांधली आहे, की सगळे सभागृह टाळ्यांनी साथ करते. मला प्रथम हे खटकले. खुन्याच्या गोष्टीवर टाळ्या कसल्या? पण दुसऱ्यांदा ऐकताना वाटले, की न बोलणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या बाजूने हजारो माणसे उभी राहिली आहेत. एकट्या गिटारीला हे साधले नसते.

सगळेच साधले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ‘ला ग्वेर्रा दि पिएरो’ हे गाणे समोरच्या शत्रूला मारावे की नाही ह्या विचारात क्षणभर थबकून स्वतःच मारल्या जाणाऱ्या शिपायाचे. त्याची १९६४ ची साधी मुद्रिकाच मला अधिक भिडते. मरणाऱ्याभोवती इतकी माणसे नकोत. ‘आमिको फ्राजिले’च्या शेवटी फ्रांको मुस्सीदा ह्यांची गिटार फार वेळ रेंगाळते, असे माझे वृद्ध कान म्हणतात, भाचीला नेमके तेच थोर वाटते. ‘झिरिकिल्ताज्जा’ हे सार्डिनियाच्या उत्तर भागातील बोलीतले, वडिलार्जित जमिनीवरून भांडणाऱ्या दोन मेंढपाळ भावांचे गाणे मात्र आमच्याकडील वाड्यांच्या वाटण्या पाहिलेल्या कोणालाही, भाषा न येता, कळावे!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दे आंद्रे आणि त्यांच्या जीवनसंगिनी दोरी गेत्सी ह्यांना सार्डिनियातील त्यांच्या शेतावरून खंडणीसाठी पळवून नेण्यात आले. सुटका डिसेंबरात झाली. परत आल्यावर त्यांनी आपल्या पहारेकऱ्यांविषयी करुणेनेच बोलावे, ह्याचे कोळ्याचे गाणे ऐकलेल्यास नवल वाटणार नाही. पुढे १९९९ साली त्यांचे निधन होईपर्यंत, त्या दौऱ्यातल्या कित्येक बांधण्या ते सभांतून गात राहिले. मला विचार करावयास लावले ते ह्या गोष्टीने. परक्यांनी चढवलेला साज मूळ कर्त्याने आपला म्हणून अंगावर ठेवला.

आणि मी कोणत्या नगरीत बसून शुद्धतेचा आग्रह धरीत होतो? ज्या बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा काढली आणि गाणे कागदावर लिहून शिकवण्याचा खटाटोप केला, त्या बडोद्यात. तेव्हाही कोणाच्या तरी भुवया वर गेल्याच असतील. आमच्या पदांना साथ करणारी पेटी तरी कुठली? तीही विलायतेहूनच आली. पणजोबांनी ती घरात आणली तेव्हा पणजीने काय म्हटले, हे वहीत लिहिलेले नाही.

माझी भीती तरीही गेलेली नाही. मिलानच्या त्या वादकांना गाण्यांचा शब्दन्‌ शब्द ठाऊक होता. आमच्या गल्लीतल्या मुलांपैकी निम्म्यांना पदांतल्या मराठीचा अर्थ लागत नाही. म्हणून गेल्या रविवारी मी त्यांना घरी बोलावले आणि वही पुढ्यात ठेवून सांगितले, की आधी प्रत्येक पद मोठ्याने वाचावयाचे, अडेल तिथे विचारावयाचे, वाद्ये नंतर. पाच मुले आली. पहिल्या पदाला दीड तास लागला. ड्रम वाजवणाऱ्या मुलीने विचारले, “आजोबा, ‘आर्त’ म्हणजे काय?” पुढच्या रविवारी दुसरे पद आहे.