नजरेवरील अतिक्रमण

पुण्याच्या रस्त्यावर जाहिरातीचा फलक उभारावयाचा झाला, तर महापालिका आयुक्तांची परवानगी लागते. ती किती फलकांना असते, हा प्रश्न निराळा. पण कायदा आहे. 5 ऑक्टोबर 2018 रोजी जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा कोसळून चार जणांचा बळी गेला, तेव्हा या कायद्याची आठवण सर्वांना झाली. परंतु त्याच शहरातील लक्षावधी नागरिक दिवसातून शेकडो वेळा ज्या फलकांपुढे उभे राहतात, ते चौकात नसून तळहातावरील काचेवर आहेत. तेथे फलक किती असावेत, ते हलावेत की स्थिर राहावेत, मजकुरावर चढून बसावेत की बाजूला राहावेत, याला परवानगी लागत नाही.

हा केवळ त्रासाचा प्रश्न आहे असे समजणे चुकीचे ठरेल. सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी असो, की शासन निर्णय शोधणारा लिपिक असो, दोघांचे काम आता पडद्यावरील वाचनावाचून होत नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तर घरोघरी हेच चालते. एखाद्या खासगी संकेतस्थळावर मजकूर वाचावयास घ्यावा, तो कोपऱ्यात चित्र नाचू लागते; ओळ सापडते न सापडते, तोच पान खाली सरकते आणि बोट नेमके जाहिरातीवर पडते. ‘डाउनलोड’ असे लिहिलेले ठळक बटण प्रश्नपत्रिकेचे नसून भलत्याच कोणाचे असते. यात वेळ जातो, पैसे देऊन घेतलेला डेटा जातो आणि प्रसंगी वैयक्तिक माहितीही जाते.

हे असे का झाले? वेबवरील पहिली फलकवजा जाहिरात 27 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झळकली, असे सामान्यतः मानले जाते. पुढे हलती चित्रे आली, मग ‘फ्लॅश’चे तंत्र आले. 31 डिसेंबर 2020 रोजी ‘फ्लॅश’चा कारभार संपला, हालचाल मात्र संपली नाही, कारण तीच करामत आता ब्राउझर स्वतःच करू शकतो. पानावरील मोकळ्या जागेचा लिलाव वाचकाने पान उघडताच निमिषार्धात होतो आणि मोबदला बहुधा किती जणांनी पाहिले वा बोट लावले यावर ठरतो. मानवी डोळ्याची कड हालचाल चटकन टिपते. पूर्वी हा गुण श्वापदापासून जीव वाचविण्याच्या कामी आला असेल, आज तो विक्रीच्या कामी लावला जात आहे. म्हणजे हा धुडगूस अपघात नव्हे. तो हिशेबातून निघालेला आहे.

जाहिरात मुळातच वाईट, असा याचा अर्थ नव्हे. मराठी वृत्तपत्रसृष्टी जाहिरातींच्या आधारावरच जगत आली आहे. पण छापील जाहिरात आपल्या चौकटीत स्वस्थ बसते. ती वाचावी की न वाचावी, हे वाचक ठरवितो. हलणारी जाहिरात हे स्वातंत्र्य त्याला ठेवीत नाही. विवाद जाहिरातीशी नसून या जबरदस्तीशी आहे.

या बाबतीत शहाणपणाचे नियम अस्तित्वातच नाहीत, असेही नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यता निकषांनुसार, आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ चालणारी व मजकुराशेजारी दिसणारी हालचाल थांबविण्याची सोय वाचकाला असली पाहिजे. तसेच एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा काहीही लुकलुकता कामा नये, कारण त्यामुळे काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. भारत सरकारच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांनीही हेच निकष आधारभूत मानले आहेत. तरीही अनेक सरकारी पानांवर सूचना सरपटत असतात आणि ‘नवीन’ ही अक्षरे अखंड मिचमिचत असतात! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले. वेषांतर केलेली जाहिरात त्यांत आहे. मात्र उघडपणे नाचणाऱ्या जाहिरातीला त्यांत स्वतंत्र स्थान नाही.

तोवर वाचकाने स्वतःचे रक्षण करावे, हे ओघानेच आले. ‘फायरफॉक्स’ व ‘सफारी’ या ब्राउझरांत केवळ मजकूर दाखविणारी वाचनपद्धती आहे. चित्रफिती आपोआप सुरू होण्याला ‘फायरफॉक्स’मध्ये अटकाव करता येतो. रेमंड हिल यांनी 2014 मध्ये सुरू केलेले ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे साधन विनामूल्य असून अँड्रॉइडवरील ‘फायरफॉक्स’मध्येही चालते. ‘क्रोम’मध्ये मात्र गूगलने नियम बदलल्यामुळे 2025 पासून त्याची केवळ सौम्य आवृत्ती उरली आहे. ज्या कंपनीच्या मिळकतीचा मोठा भाग जाहिरातींतून येतो, तिच्याच खिडकीतून जग पाहावयाचे, तर पडदा कोणाच्या हाती राहणार, हे सांगावयास नको.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सर्वांनीच जाहिराती अडविल्या, तर मराठी वृत्तपत्रांच्या व नियतकालिकांच्या संकेतस्थळांनी जगावे कसे? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु त्याचे उत्तर वाचकाच्या सहनशीलतेत नसून प्रकाशकांच्या संयमात आहे. स्थिर, स्पष्टपणे ‘जाहिरात’ म्हणून दर्शविलेली आणि मजकुराला न झाकणारी जाहिरात बहुतेक वाचक सोसतील. आपल्या पसंतीच्या पत्राची वर्गणी भरणे हे वाचकाचेही कर्तव्य ठरेल. वाचक एकदा अडसर लावून बसला, की सभ्य जाहिरातही बाहेरच राहते, हे जाहिरातदारांनी ध्यानी घ्यावे.

आरंभ मात्र शासनाने व शिक्षणसंस्थांनी करावयास हवा. महापालिका, विद्यापीठ व परीक्षा मंडळे यांनी आपली पाने निश्चल केली आणि शाळाशाळांतून मुलांना या साधनांची ओळख करून दिली, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. पुण्याने वाचनालये उभारली, ती शांततेसाठी. वाचनालय आता खिशात आले आहे. शांतता मात्र दाराबाहेर राहिली आहे. ती आत आणणे हे तंत्रज्ञांचे काम खरेच. पण ती मागणे हे वाचकाचे काम आहे.