घराचीही तपासणी हवी

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला घरी पाठवताना आम्ही डॉक्टर गोळ्या, व्यायाम, टाके काढायची तारीख असे सारे लिहून देतो. ज्या मोरीत पाय घसरला तिच्याबद्दल मात्र त्या कागदावर क्वचितच काही असते. रुग्ण पुन्हा त्याच मोरीत जातो.

घरातल्या धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, तर वृद्धांचे पडणे सुमारे २६ टक्क्यांनी घटते आणि आधी पडलेल्या किंवा दुसऱ्याच्या मदतीने वावरणाऱ्यांत ३८ टक्क्यांनी, असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. एखाद्या गोळीने एवढे साधले असते, तर ती घरोघरी पोहोचली असती.

अमुक घर वृद्धांसाठी चांगले, असे सरसकट सांगता येत नाही. त्यात कोण राहते ते पाहावे लागते. मोतीबिंदू असलेल्या आजींना जिन्याची शेवटची पायरी कळत नाही; तिच्या कडेला ठळक रंगाची पट्टी मारली तर पुष्कळ फरक पडतो. पार्किन्सन्स झालेल्या आजोबांचे पाय अरुंद जागेत थिजतात. तिथले कपाट हलवावे लागते. म्हणून त्या व्यक्तीलाच घरात वावरताना पाहायचे. पलंगावरून उठताना त्या काय धरतात? रात्री लघवीला जाताना दिव्याचे बटण हाताशी आहे का? संडासातून उठताना आधार कशाचा? बहुतेक वेळा नळाचा, नाहीतर टॉवेलच्या दांडीचा. अंगाचा भार पेलायला ती केलेलीच नसतात. तिथे भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा. सरकणारी पायपुसणी तर आजच उचला.

पुनर्विकासात लिफ्ट येते, हे फारच चांगले. चार जिन्यांपायी वर्षानुवर्षे खाली न उतरलेली माणसे मुंबईत कमी नाहीत. पण त्याच नव्या घरात आरशासारखी गुळगुळीत फरशीही येते. ती निवडताना आईवडिलांना कुणी विचारत नाही. दांडा बसवतानाही विचारत नाहीत, मग ते ‘मी काय आजारी आहे?’ म्हणून रुसतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

हे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचे. त्याचे आशियातले पहिले प्रशिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. सरकारी रुग्णालयांतल्या या तज्ज्ञांना घरभेटीसाठी वेळ आणि वाहन मिळायला हवे. तोवर नातेवाइकांनी डिस्चार्जच्या आधी पलंग, मोरी, संडास आणि जिन्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणावा आणि वॉर्डात दाखवावा. दांडा किती उंचीवर हवा, हे तो पाहून सांगता येते.